गाईच्या दुधाला फॅट लागत नाही: पेंड वाढवण्याआधी काय तपासायचं

खानापूर, बेळगाव, हुक्केरी, निपाणी, चिक्कोडी, अथणी, कुठल्याही गावातल्या डेअरीवर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं की कुणीतरी दुधातल्या फॅटची, म्हणजे स्निग्धांशाची, स्लिप पुढे करतंच. "परवापर्यंत फॅट ३.८ टक्के लागत होतं, आता २.९ वर आलंय. दूध तेवढंच, गाय तीच, पेंड उलट वाढवलीय." दूध संकलन आणि गोठ्यांना भेटी या कामात हीच तक्रार मी वर्षानुवर्षं सोडवत आलोय. बहुतेक गोठ्यांत औषध, टॉनिक, इंजेक्शन काहीच लागत नाही. चूक गव्हाणीत असते आणि दुरुस्तीही तिथेच होते. फक्त फुकटच्या गोष्टी आधी तपासायच्या आणि पैशाच्या नंतर. बरेच जण नेमकं उलटं करतात: आधी दुकानातून फॅट वाढवायची पावडर आणतात आणि गव्हाणीकडे बघतच नाहीत.

लक्षणं

वैरणीतून आलेल्या बिघाडाची ओळख अशी. आठ-पंधरा दिवसांत फॅट अर्ध्या पॉइंटनं किंवा त्याहून जास्त खाली येतं, पण दूध कमी होत नाही, कधी कधी लिटरभर वाढतंही. एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, ८.५ च्या आसपास टिकून असतं. डेअरीच्या यंत्रावर प्रोटीनचा आकडा दिसत असेल तर तोही बघा. फॅट प्रोटीनच्याही खाली गेलं असेल, म्हणजे प्रोटीन ३.१ आणि फॅट २.८, तर पोटाचं गणित बिघडलंय असं मी धरूनच चालतो. शेण पातळ होतं, त्यात न पचलेले मक्याचे कण दिसतात, कधी फेस असतो. गाय एक दिवस पेंडीवर तुटून पडते, दुसऱ्या दिवशी तोंड फिरवते. घरी सायीचा थर पातळ पडतो आणि तेवढ्याच दुधाचं लोणी कमी निघतं.

एसएनएफकडे बघूनच पुढची दिशा ठरते, म्हणून स्लिपवरचे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. फॅट कमी आणि एसएनएफ ठीक असेल तर वैरण आणि धार तपासा. एसएनएफ कमी आणि फॅट ठीक असेल तर गाईला एकूण खाणंच, विशेषतः ताकदीचं खाणं, कमी पडतंय. दोन्ही खाली असतील तर भांड्यात राहिलेलं पाणी नाहीतर कासेचा आजार.

बिघाड कशाला म्हणायचं आणि कशाला नाही, हेही आधीच ठरवा. कायद्यानं गाईच्या दुधाला किमान ३.२ फॅट आणि ८.३ एसएनएफ लागतं. दराचा हिशोब मात्र साधारण ३.५ आणि ८.५ वर चालतो. एचएफ (होल्स्टीन फ्रीजियन) संकरित गाय ३.५ ते ४ च्या मध्ये असते, जर्सी साडेचारच्या पुढे जाते, म्हैस सहा-सातच्या वर. शेजारच्या जर्सीला ४.६ लागतं म्हणून आपल्या एचएफच्या मागे लागण्यात अर्थ नाही. व्याल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दूध टिपेला असताना फॅट सगळ्यात कमी असतं, उन्हाळ्यात आणखी थोडं उतरतं. हे चालायचंच. सगळ्या गाईंचं एकदम खाली आलं किंवा एकाच गाईचं अचानक कोसळलं, तर मात्र कामाला लागायचं.

पहिली तपासणी: नमुना

याला पैसा लागत नाही. स्निग्धांश वर तरंगतो. कॅन डेअरीपर्यंत जाऊन दहा मिनिटं उभा राहिला तरी वरचं आणि खालचं दूध वेगळं होतं. माप घालण्याआधी कॅन तळापासून ढवळला गेला का, हे स्वतः बघा. यंत्राच्या नमुन्यात फेस किंवा हवेचे बुडबुडे असले तरी आकडा हलतो. शंका असेल तर गर्बर पद्धतीनं तपासून मागा. त्यात १० मिली सल्फ्युरिक आम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालून नळी फिरवतात आणि फॅटचा थर थेट डोळ्यांनी वाचता येतो.

एका वेळच्या स्लिपवर निर्णय घेऊ नका. दोन धारांमधलं अंतर जास्त असेल तर दूध जास्त येतं आणि फॅट कमी लागतं. म्हणून संध्याकाळी पाचला आणि सकाळी सहाला धार काढणाऱ्याकडे सकाळचं फॅट कमीच असणार. चार-पाच दिवसांचे सकाळ-संध्याकाळचे आकडे एका कागदावर लिहा. गाई एकापेक्षा जास्त असतील तर एकदा तरी प्रत्येकीचा नमुना वेगळा तपासून घ्या. सगळ्यांच्या एकत्र दुधावरून कुठली गाय घसरलीय ते कळत नाही.

दुसरी: धार आणि वासरू

पहिल्या धारांच्या दुधात फॅट एक-दोन टक्केच असतं, शेवटच्या धारांत ते आठ-दहा टक्क्यांपर्यंत जातं. कास निपटून न काढता उठलात तर सगळ्यात घट्ट दूध आत राहतं. आमच्याकडे यापेक्षाही जास्त दिसतं ते असं: पान्हा सुटावा म्हणून वासरू आधी लावतात, मग धार काढतात आणि राहिलेलं वासराला पाजतात. वासराचं पोट भरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण डेअरीला पातळ भाग जातो आणि वासराला दाट. वासराचं दूध मोजून वेगळं पाजलं, किंवा पहिल्या धारा त्याला देऊन शेवटचं निपटून घेतलं, तर दुसऱ्या दिवशीच्याच स्लिपवर फरक दिसतो. मशीननं धार काढणाऱ्यांनी घाईनं कप काढू नयेत, आणि ते रिकामे लावूनही ठेवू नयेत.

इथपर्यंत फरक पडला तर पुढचं वाचायची गरज नाही.

तिसरी: दुपारी गोठ्यात उभं राहा

वैरण घालून दोन तास झाल्यावर, गाई बसलेल्या असताना, गोठ्यात जा. बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करत असायला हव्यात. एकीच्या तोंडाकडे बघून चावे मोजा. एका घासाला पन्नास-साठच्या आसपास चावे पडले पाहिजेत. तीस-चाळीसवरच गिळत असेल तर वैरणीत चावण्यासारखं काही नाही. मग शेण बघा. निरोगी गाईचं शेण पडल्यावर तीन-चार सेंटिमीटर उंच, थरांचं टोपलं बसतं. पसरट, चकाकणारं, दाणे दिसणारं शेण म्हणजे पेंड न पचता पुढे गेली.

रवंथीला एवढं महत्त्व का, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. गाईच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे आंबवणाची मोठी कोठी. त्यातले जिवाणू वैरणीतल्या तंतूंपासून ॲसेटिक आम्ल तयार करतात, आणि दुधातल्या फॅटचा जवळपास निम्मा भाग कास त्यातूनच घडवते. उरलेला निम्मा रक्तातून येतो, म्हणजे खाण्यातल्या तेलातून आणि गाईच्या अंगावरच्या चरबीतून. तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना आंबट वातावरण सोसत नाही. पोटाचा सामू (पीएच) सहाच्या खाली गेला की त्यांचं काम मंदावतं. हा आंबटपणा लाळेतला सोडा मारतो. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते, पण ती सुटते चावताना आणि रवंथ करताना. चावणं कमी झालं की लाळ कमी, लाळ कमी झाली की पोट आंबट, आणि पोट आंबट झालं की फॅट उतरलंच.

चौथी: वैरण, आणि इथेच बहुतेकांचा बिघाड सापडतो

पंधरा लिटरच्या एचएफ गाईला मी ढोबळमानानं वीस-पंचवीस किलो हिरवी वैरण, पाच-सहा किलो सुकी वैरण आणि लिटरमागे साधारण चारशे ग्रॅम पेंड, वर शरीरासाठी किलो-दीड किलो, असं सांगतो. कोरड्या वजनात बघितलं तर निम्मा भाग वैरणीचाच राहिला पाहिजे. शेतकरी म्हणतो, "घालतोय की तेवढं." घालतो, हे खरं. पण गाय खाते किती?

गाळप हंगामात हे हमखास घडतं. कारखान्याला ऊस जातो, वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात नाहीतर फुकट मिळतं, आणि दावणीला वाढ्याशिवाय काही दिसत नाही. गाय कोवळी पानं ओरबाडते, जाड भाग पायाखाली तुडवते आणि मग पेंडीची वाट बघत उभी राहते. चिक्कोडीकडच्या एका गोठ्यात आम्ही सकाळी घातलेलं वाढं आणि संध्याकाळी गव्हाणीतून काढलेलं उष्टं दोन्ही ताणकाट्यावर टांगलं. जवळजवळ निम्मं परत आलं होतं. गाईनं वैरण निम्मी आणि पेंड मात्र पूर्ण खाल्ली होती, म्हणजे कागदावरचं प्रमाण पोटात उलटं झालं होतं. त्या तात्यांनी वाढं कुट्टी करून त्यात कडबा मिसळायला सुरुवात केली. बाकी काही बदलावं लागलं नाही. तुम्हीही एक दिवस उष्टं तोलून बघा. ताणकाटा शेजाऱ्याकडे मिळतो.

वाढ्याची आणखी एक गोष्ट. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडकवून ठेवतं. त्यामुळे नुसत्या वाढ्यावर गाय ठेवू नये, चुन्याची निवळी शिंपडावी आणि खनिज मिश्रण रोज द्यावं. यानं फॅट थेट वाढत नाही, पण गाय खंगत नाही.

मग कुट्टी. कडबाकुट्टी मशीनच्या पात्याखालून पडणारा ढीग मुठीत घ्या. तुकडे साधारण इंचभर असावेत. बोटांतून पिठासारखं निसटत असेल तर ती कुट्टी पोटात ओरखडा देत नाही, रवंथ होत नाही, आणि इतकी वैरण घालूनही फॅट का नाही याचं उत्तर तिथेच मिळतं. सोयाबीनचं भुसकट, हरभऱ्याचा भुसा यांचंही तेच: पोट भरतं, चावणं होत नाही. खानापूर पट्ट्यातलं भाताचं पिंजर चावायला उत्तम, पण त्यात सत्त्व कमी. दिवसाला दोन-तीन किलो मिसळायला ते चांगलं, सगळा भार त्यावर टाकू नये. ज्वारीचा कडबा ज्याच्याकडे आहे, त्यानं तो विकण्याआधी आपल्या दावणीचा वर्षाचा हिशोब करावा. या कामासाठी त्याच्या तोडीची सुकी वैरण आपल्या भागात दुसरी नाही.

पावसाळ्यात जून-जुलैमध्ये कोवळं गवत मिळायला लागलं की एकाच आठवड्यात गावभर फॅट पडतं. कोवळ्या गवतात पाणी जास्त, तंतू कमी. नेपियर गवत लावलं असेल, धारवाडच्या चारा संशोधन केंद्राचं डीएचएन-६ असो की दुसरं, तर ते फार कोवळं कापू नका, आणि हिरव्याच्या आधी थोडी सुकी वैरण पोटात जाऊ द्या. वैरण बदलायची तर दहा-पंधरा दिवसांत हळूहळू बदला.

पेंड घालायची वेळही बघा. रात्रभर रिकाम्या पोटी उभ्या गाईला पहाटे धारेवर चार किलो पेंड आणि मक्याचा भरडा एकदम घातला तर तासाभरात पोट आंबतं. आधी वैरण, मग पेंड, आणि एका वेळी दोन-अडीच किलोच्या वर नाही. तेवढीच पेंड तीन वेळा विभागून दिली तरी बऱ्याच गोठ्यांत फॅट वर येतं. भरडा जाडसर दळा. पिठासारखा दळलेला मका, शिळा भात, चपात्या, बेकरीचा माल, हे सगळं एकाच जातीचं संकट आहे.

पाचवी: तेल आणि कोंडा

"फॅट कमी आहे तर तेल पाजा" हा सल्ला मी गावोगाव ऐकतो आणि मनापासून विरोध करतो. सूर्यफूल, सोयाबीन, करडई ही तेलं पोटातल्या तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना बाधतात. पोट आंबट असताना त्या तेलातलं लिनोलेइक आम्ल वेगळ्याच वाटेनं बदलतं आणि त्यातून ट्रान्स-१०, सिस-१२ प्रकारचं संयुग तयार होतं. हे संयुग दिवसाला दोन-अडीच ग्रॅम आतड्यात पोचलं तरी कासेतलं फॅट बनणं ठळकपणे घटतं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं २००० साली हे दाखवून दिलं. वैरणीनं फॅट पडतं ही गोष्ट मात्र फार जुनी आहे. बीट खाणाऱ्या गाईंचं फॅट उतरतं, असं फ्रान्सच्या बूसिंगो यांनी १८४५ सालीच नोंदवलं होतं.

हुक्केरीकडच्या एका वहिनी रोज पेंडीवर वाटीभर गोडेतेल ओतत होत्या. तेल बंद केलं, पेंड विभागली, कडबा वाढवला. दोन आठवड्यांनी त्यांच्या गाईचं फॅट पूर्वीच्या जागी आलं, आणि तेलाचा खर्च वाचला तो वेगळाच.

लपलेलं तेलही मोजा. राईस मिलचा पॉलिशचा कोंडा स्वस्त पडतो, पण त्यात बारा-पंधरा टक्के तेल असतं. सोयाबीन दळून घातलं तर त्यातलं अठरा-वीस टक्के तेल एकदम सुटतं. अख्खी सरकी मात्र तेल सावकाश सोडते, वर तिची साल तंतूंचं काम करते, म्हणून किलो-दोन किलो सरकीनं बऱ्याचदा फॅट वाढतं. एकूण कोरड्या आहारात तेल सहा-सात टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका.

सहावी: आता पैसे खर्च करा

वरचं सगळं नीट करूनही फॅट अडलं असेल, किंवा कडक उन्हाळा असेल, तर खायचा सोडा दिवसाला शंभर ते दीडशे ग्रॅम, दोन वेळच्या पेंडीत मिसळून द्या. अथणी, कागवाड भागात मार्च ते मे गाई धापा टाकतात, लाळ वाया जाते आणि दिवसा वैरण खात नाहीत. तिथे सोडा, सावली, भरपूर गार पाणी आणि रात्रीची वैरण या चारही गोष्टी एकत्र कराव्या लागतात. सोडा खायचाच पाहिजे. धुण्याचा सोडा कधीही घालू नका, त्यानं तोंड आणि अन्ननलिका भाजते.

बायपास फॅट शेवटी. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात विरघळत नाही, पुढे जाऊन पचतं, म्हणून जिवाणूंना त्रास देत नाही. शंभर ते दोनशे ग्रॅम, तेही जास्त दूध देणाऱ्या गाईलाच. आंबट पोटाच्या गाईला ते घातलं तर स्लिपवर थोडा आकडा दिसेल, पण आतला बिघाड तसाच राहील.

कुठलाही बदल केल्यावर दहा ते पंधरा दिवस थांबा. चौथ्या दिवशी स्लिप बघून दुसरा प्रयोग सुरू केला तर कशानं काय झालं ते कधीच कळत नाही.

तुपाची तक्रार

घरचं तूप किंवा खवा विकणारे वेगळंच विचारतात: तूप यंदा कडक का, कणी का बदलली? याचं मूळही वैरणीतच आहे. कास स्वतः बनवते ती आखूड साखळीची आम्लं. तुपाचा वास आणि मऊपणा बराचसा त्यांच्यावर. हिरव्या वैरणीवर लोणी मऊ आणि पिवळं येतं. पिवळेपणा गवतातल्या कॅरोटीनचा असतो. म्हैस ते कॅरोटीन अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. सरकीच्या पेंडीवर तूप कडक होतं, आणि पाम तेलापासून केलेलं बायपास फॅट जास्त घातलं तरी कडक होतं. सरकी खाणाऱ्या भागातल्या तुपात ही आखूड आम्लं कमी भरतात, म्हणून ॲगमार्कनं, म्हणजे सरकारी प्रतवारीनं, कापूस पट्ट्यातल्या तुपासाठी वेगळी मोजणी ठेवली आहे. तेव्हा तूप कडक झालं म्हणजे भेसळ झाली असं लगेच म्हणू नका. आधी पेंड कुठली बदलली ते विचारा.

इथे थांबा आणि डॉक्टरांना बोलवा

दूध खारट लागतंय, गुठळ्या किंवा फुटक्या कण्या दिसतायत, कासेचा एक भाग गरम किंवा कडक आहे, तर ती दगडी, म्हणजे कासेचा आजार. वैरण बदलून ती बरी होत नाही. त्याच दिवशी डॉक्टर. मागच्या वेळची उरलेली ट्यूब सडात घालू नका, आणि औषध चालू असेपर्यंत व नंतर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस ते दूध डेअरीला देऊ नका. बाहेरून काही दिसत नसेल, पण फॅट आणि एसएनएफ दोन्ही पडले असतील, तर चारही सडांची सीएमटी (लपलेली दगडी ओळखणारी) तपासणी करून घ्या.

व्याल्यावर पहिल्या दीड महिन्यात एचएफ गाईचं फॅट अचानक पाचच्या वर गेलं तर आनंदून जाऊ नका. गाय झपाट्यानं वाळतेय, पेंड टाकून नुसता कडबा खातेय, तोंडाला गोडसर उग्र वास येतोय, तर ती अंगावरची चरबी जाळतेय. ही किटोसिसची लक्षणं आहेत, आणि उशीर झाला तर यकृत जातं.

लग्नातला उरलेला भात, बेंदराच्या जास्तीच्या पोळ्या, किंवा दावं सुटून खाल्लेलं धान्य, यानंतर गाय रवंथ बंद करते, डावी कूस फुगते, आंबट वासाचं पाण्यासारखं शेण टाकते, झोकांड्या खाते. हे काही तासांत जीव घेणारं आहे. तेल, ताक, सोडा, काहीही घरच्या घरी पाजत बसू नका. पेंड आणि धान्य समोरून काढा, डॉक्टरांच्या गाडीची वाट बघताना गाय शक्यतो उभी ठेवा आणि सरकारी दवाखान्याला किंवा जनावरांच्या डॉक्टरी मदतीच्या १९६२ या नंबरवर फोन करा. महिनोन्महिने आंबट पोटावर चालणाऱ्या गाईचे खूर दुखायला लागतात. लंगडणारी गाय आणि कमी फॅट हे दोन्ही एकत्र दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा.

फोनवर हे सांगा: गाय किती दिवसांची व्यायलेली, शेवटच्या चार स्लिपांवरचं फॅट आणि एसएनएफ, गेल्या पंधरा दिवसांत वैरण किंवा पेंड काय बदललं, शेवटचं काय आणि किती वाजता खाल्लं, रवंथ आहे की बंद, आणि अंगात ताप आहे का. पेंडीच्या पोत्यावरचं लेबल फाडून जवळ ठेवा, डॉक्टर तेही बघायला मागतात.